बॉडी बदलायची आहे

बॉडी बदल, असं क्लिक्याला सगळेच सांगत होते.

कॅमेऱ्याची लेन्स काढली की जे धड उरतं त्याला धंद्यात बॉडी म्हणतात. लेन्स जुनीच वापरायची, बॉडी तेवढी नवी घ्यायची. यात काही आभाळ कोसळत नाही. पण क्लिक्याचं पोट चालायचं ते दुसऱ्या बॉडीवर. पोलिसांना मेलेल्या माणसांचे फोटो लागतात, आणि अख्ख्या शहरात ते काम नाक न मुरडता करणारा हा एकटाच. कुणी भोसकलेला, कुणी टांगून घेतलेली, कुणी चाकाखाली गेलेला. फोन यायचा, "क्लिक्या, बॉडी पडलीय, ये." हा आपली बॉडी गळ्यात अडकवायचा आणि त्यांच्या बॉडीकडे निघायचा. या शब्दावर इतके आचरट विनोद होऊन गेले होते की आता कुणी दातसुद्धा काढत नसे.

त्या दिवशी शवागाराच्या फरशीवर एक माणूस होता. सख्ख्या भावाने फावड्याने मारलेला. पत्र्याच्या डब्याला पोचा यावा तशी कवटीची एक बाजू आत गेली होती आणि जिथे डोळा असायचा तिथे नुसता लाल चिखल होता. क्लिक्याने जखमेच्या कडेला मापाची पट्टी ठेवली. त्याची रीत ठरलेली: आधी लांबून, मग मधून, मग जवळून. आणि पट्टी कायम बाजूला, म्हणजे उद्या वकिलाला जखम लहान-मोठी करता येत नाही. लांबून झाला, मधून झाला. जवळून घ्यायला वाकला, बटण दाबलं, आणि खटॅक व्हायच्या ऐवजी नुसतं खट झालं. डोळ्यासमोर काळोख. आतला आरसा वर गेला तो वरच चिकटला. या जातीच्या कॅमेऱ्यात जे दिसतं ते आरशातून दिसतं. आरसा खाली आला नाही की बघणारा आंधळा.

शवागाराचा रखवालदार भिंतीला टेकून चहा पीत होता. "एकाचा डोळा फावड्याने फुटला," तो म्हणाला, "एकाचा आपोआप."

क्लिक्याने कॅमेरा डाव्या हातात धरला आणि उजव्या तळहाताने त्याच्या कुशीत एक सणसणीत ठेवून दिली. आरसा खाली पडला. खटॅक.

"मारल्याशिवाय ऐकत नाही वाटतं," रखवालदार म्हणाला. "एकदा हाताला सवय लागली की सुटत नाही बघ."

क्लिक्याने जवळचा फोटो उरकला. पण ते वाक्य त्याला घशात अडकलेल्या काट्यासारखं दिवसभर टोचत राहिलं. पोलीस ठाण्याच्या साहेबांनी निघताना बजावलं की पुढच्या खेपेला धड कॅमेरा आण, नाहीतर मी धड माणूस आणतो.

तो कॅमेऱ्याच्या दुकानात गेला. दुकानदार म्हातारा होता, कपाळावर एक चष्मा आणि नाकावर दुसरा. क्लिक्या त्याला काका म्हणायचा. काकांनी काचेच्या कपाटातून नवी बॉडी काढून त्याच्या हातात दिली. हलकी, पकडीला मऊ. अंधारात मांजराला दिसणार नाही ते हिला दिसतं, काका म्हणाले. काळसर कातडीवरचा काळा-निळा डागसुद्धा ही वेगळा करून दाखवते. मागच्या पडद्यावर बघून काढलास तर आवाजही नाही, समोरच्याला कळणारसुद्धा नाही फोटो निघाला ते. जुनी इथे ठेव, ही घेऊन जा.

क्लिक्याने ती फिरवून फिरवून बघितली आणि परत काचेवर ठेवली. "माझी चालतेय अजून."

काकांनी नाकावरच्या चष्म्यातून त्याच्याकडे बघितलं. चालत नव्हती हे दोघांनाही ठाऊक होतं. आणि तो का अडून बसलाय हेही काकांना थोडंफार ठाऊक होतं, कारण त्यांच्याच दुकानाच्या पायरीवर बसून तो एकदा ढसाढसा रडला होता.

गोष्ट ताईची होती. क्लिक्याची थोरली बहीण. आई गेल्यावर याला न्हाऊमाखू घालून, वेळेला थोबाडीत देऊन वाढवलं ते तिने. तिचा नवरा, म्हणजे दाजी, जिम चालवायचा. हा आणखी तिसरा बॉडीवाला. आरशासमोर तेल लावून दंड फुगवून उभा राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, बॉडी कशीय? ती बॉडी घरी गेल्यावर काय करायची ते ताईच्या पाठीवर लिहिलेलं असायचं. मागच्या वर्षी पट्ट्याने मारलेली ताई क्लिक्याकडे आली, तेव्हा त्याने तिला ठाण्यात नेलं. आपणच फोटो काढले. अंधारी खोली, एकच दिवा, म्हातारा कॅमेरा. साहेबांनी ते फोटो हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरले, तिरके धरले, मग टेबलावर टाकले. यात मार कुठे दिसतोय? मला तर नुसती घाण दिसतेय.

खरंच घाण होती. फोटोभर वाळू पसरल्यासारखे दाणे, त्यात वळ कुठला आणि सावली कुठली. दाजी समोरच्या बाकावर मांडी पसरून बसला होता. तो मोठ्याने हसला. "मेहुणे, डबडं बदला."

ताई उठली आणि त्याच्यामागून निघून गेली. जाताना तिने क्लिक्याकडे वळून बघितलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, नुसतं बघितलं.

तेव्हापासून हा गडी जगाला सांगत सुटला की कॅमेऱ्यात काही दोष नाही, दोष साहेबांच्या नजरेत. कॅमेरा बदलला असता तर मान्य करावं लागलं असतं की ताईला त्या घरात परत ढकललं ते या डबड्याने, आणि डबडं उरावर बाळगत फिरत होता तो आपणच. एवढ्यासाठी तो गाढवासारखा अडून राहिला. माणसं याहून फालतू कारणांसाठी याहून मोठी पापं करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्टुडिओचं शटर वर केलं तेव्हा ताई बाहेर पायरीवर बसली होती. ओढणीने तोंड झाकलं होतं. आत आल्यावर तिने ओढणी सोडली. जबडा एका बाजूला सुजून वांग्याच्या रंगाचा झाला होता. गळ्यावर दोन्हीकडून बोटं उमटली होती, अंगठ्याची खूण नेमकी घाटीवर. खांद्याचं हाड कातडीखालून भलत्याच ठिकाणी वर आलं होतं. बोलायला गेली तर शब्दांआधी रक्ताची लाळ आली.

"छोट्या," ती म्हणाली, "आता परत नाही जायचं मला."

"नाही जायचं," तो म्हणाला.

तळपायाची आग मस्तकाला गेली होती, पण हात कामाला लागले. त्याने दिवा बाजूने लावला, म्हणजे सूज उठून दिसते. गळ्याशी पट्टी धरली. लांबून झाला. मधून झाला. जवळून गळ्यावरची बोटं घ्यायला तो पुढे झाला, बटण दाबलं. खट. काळोख.

"तुझ्या आयला," तो कॅमेऱ्याला म्हणाला, डाव्या हातात धरला आणि उजवा हात उगारला.

ताईने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि ती खुर्चीतल्या खुर्चीत गोळा झाली. मोडलेल्या खांद्यानिशी. घशातून मांजराच्या पिल्लासारखा आवाज निघाला.

क्लिक्याचा हात हवेतच राहिला. त्याने तो हळूहळू खाली आणला, उगारलेला हात खाली आणायला एवढी ताकद लागते हे त्याला आजवर माहीत नव्हतं. कॅमेरा तसाच, आंधळा, आतल्या खोलीत टेबलावर नेऊन ठेवला. त्या क्षणी त्याने ठरवलं. मारून चालणारी वस्तू आता घरात नको.

शेजारच्या गाळ्यातली शिंपीणबाई मशीन सोडून धावत आली. रिक्षा तिनेच थांबवली, ताईला धरून तीच हॉस्पिटलात घेऊन गेली. तू नवा कॅमेरा घेऊन मागून ये, तोवर मी हिला नजरेआड करत नाही, असं तिने त्याला सांगितलं. क्लिक्याने जुन्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं. जे दोन-चार फोटो निघाले होते ते त्यात होते. मग त्याने काकांना फोन लावला. पाठ दाराकडे होती.

"काका, बॉडी गेली."

काकांनी विचारलं असावं, कधी.

"आत्ताच. माझ्या डोळ्यांदेखत. नाही हो, काही होणार नाही आता. आजवर काय कमी मार खाल्लाय तिने? आतूनच तुटलीय. आतल्या खोलीत टेबलावर पडलीय. तुमच्याकडे आणून टाकतो, सुटे भाग काढा नाहीतर जाळा. कार्ड खिशात आहे माझ्या. सगळं आहे त्यात."

मागे काहीतरी आपटलं. तो वळला. दारात दाजी उभा होता. अंगात घट्ट बनियन, दंडाच्या शिरा तटतटलेल्या, पण चेहरा मात्र चुना फासल्यासारखा पांढरा. दाराशी ठेवलेलं स्टूल त्याच्या पायाने उलटलं होतं.

"गेली?" दाजी म्हणाला.

क्लिक्याने फोन समोरच्या टेबलावर ठेवला. बंद करायचं त्याच्या ध्यानात आलं नाही.

"हे बघ मेहुण्या, आरडाओरडा करू नकोस." दाजीने हात पुढे केले. "घरातून निघाली तेव्हा धड चालत होती ती. मी गळा धरला, मान्य. डंबेल मी फेकून नाही मारला, हातातच होता, एकदा लागला. खांद्याला. एकदाच. एवढ्याने माणूस मरतं का?"

तेव्हा कुठे क्लिक्याच्या डोक्यात प्रकाश पडला. अहो दाजी, कॅमेरा गेला, एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. ते त्याने गिळलं.

"किती वेळ धरला होता गळा?" त्याने विचारलं.

"ओरडायची थांबली तोपर्यंत."

हे दाजी असं बोलला की जणू दूध उतू जाईतो गॅस चालू होता. टेबलावरच्या फोनमध्ये कुणीतरी खोकलं, पण दाजीचं लक्ष नव्हतं. तो घाईघाईने बोलत होता. पायरीवरून पडली म्हणू. तुझं ऐकतात ठाण्यात, तुझीच माणसं ती. बॉडी अजून कुणी बघितली नाही ना? ते कार्ड तेवढं दे इकडे.

"नाही देणार."

"मेहुण्या, दे."

क्लिक्याने खिशातून कार्ड काढलं आणि तोंडात टाकून ओठ मिटले. शहाण्या माणसाने असं केलं नसतं. शहाणा माणूस पळून गेला असता. दाजीने त्याचा सदरा मुठीत धरून त्याला भिंतीवर आदळलं आणि तोंडावर पहिला ठोसा दिला. गालात काहीतरी कडकन मोडलं, दात की कार्ड ते कळलं नाही. दुसरा ठोसा नाकावर. नाकाचं हाड बाजूला सरकलं आणि घशात गरम रक्त उतरलं. तिसरा पोटात, मग गुडघा, मग खाली पडल्यावर बरगडीत लाथ. क्लिक्याने आयुष्यभर माराच्या खुणा टिपल्या होत्या. कुठल्या फटक्याची खूण उद्या कुठे उमटेल हे त्याला जमिनीवर पडल्या पडल्या दिसत होतं, आणि त्याला रडू येण्याऐवजी किळस आली, की ही सगळी अक्षरं ताईच्या अंगावर इतकी वर्षं लिहिली जात होती आणि आपण त्यांच्यावर नुसता दिवा जमवत बसलो. तो थुंकला. रक्तात एक दाढ आणि कार्डाचे दोन तुकडे पडले.

दाजीने तुकडे बुटाखाली रगडले. मग धापा टाकत आतल्या खोलीकडे गेला, बायकोचं प्रेत बघायला. दारात थांबला, कारण त्यालाही भीती होतीच थोडी. मग आत गेला.

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग आतून हसू आलं. आधी बारीक, मग मोठमोठ्याने. तो कॅमेऱ्याचा पट्टा बोटात अडकवून, कॅमेरा लोंबकळत ठेवून बाहेर आला.

"ही बॉडी?" त्याला हसू आवरत नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं. "साल्या, ही? माझं काळीज बाहेर आलं होतं की रे." त्याने कॅमेरा क्लिक्याच्या छातीवर टाकला. मग हसू थांबलं. चेहऱ्यावर रंग परत आला आणि रंगाबरोबर माणूसही. "म्हणजे जिवंत आहे. हॉस्पिटलात असेल." त्याने मनगट चोळलं. "जातो. अर्धवट राहिलंय, ते पुरं करतो."

तो दाराकडे वळला.

"तू कुठे जात नाहीस," क्लिक्या म्हणाला.

लग्न झाल्यापासून त्याने दाजीला अहो-जाहोच केलं होतं. त्या एका तूने दाजी थबकला आणि वळला, ऐकलं ते खरं का हे बघायला. तोवर क्लिक्या भिंतीला धरून उठला होता. पट्टा त्याने मनगटाला दोनदा गुंडाळला. जुना कॅमेरा, लोखंडासारखं जड धड आणि पुढे वीतभर लेन्स. त्याने तो गोफणीसारखा फिरवला. लेन्सची कडा दाजीच्या कानशिलावर बसली. एवढा मोठा माणूस, पण गुडघे असे दुमडले की जसे कुणी मागून काढून घेतले. दुसरा फटका जबड्यावर. जबडा ताईचा गेला होता त्याच बाजूने गेला, आणि तो आवाज क्लिक्याला गोड वाटला. हे खोटं सांगण्यात अर्थ नाही, गोड वाटला. तिसरा दंडावर, त्या तेल लावलेल्या दंडावर. लेन्स फुटून काचा उडाल्या. दाजी आडवा झाला होता, हात वर करत होता, डोकं झाकत होता, अगदी ताईने झाकलं होतं तसं. क्लिक्या त्याच्या छातीवर गुडघा ठेवून बसला आणि कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. कवटीला पोचा कसा येतो ते त्याला ठाऊक होतं. कुठे मारलं की येतो तेही. निम्म्यावर हात आले तेव्हा दाजी तडफडला आणि फटका फरशीवर बसला.

खटॅक.

आरसा खाली पडला होता.

हा आवाज त्याने हजारदा ऐकला होता, आणि दर वेळी समोर बॉडी असायची. हा आवाज झाला की समजायचं, आता या माणसाला कुणी काही करू शकत नाही, ना मारू, ना वाचवू. क्लिक्याने खाली बघितलं. रक्तात बुडबुडे येत होते. श्वास होता. दाजी अजून माणूसच होता, बॉडी झाला नव्हता, आणि तो झाला असता तर ताई एका घरातून सुटून भावाच्या भेटीसाठी तुरुंगाच्या रांगेत उभी राहिली असती. त्याने कॅमेरा बाजूला ठेवला. मग गुडघा काढला. मग भिंतीला टेकून बसला आणि हुंदक्यासारखा ओकला.

टेबलावरचा फोन बोलत होता. "क्लिक्या, मी आहे रे. सगळं ऐकलंय मी. दुकानाच्या फोनवरून पोलिसांना सांगितलंय. ऐकतोयस ना? काही बोल."

"आहे," क्लिक्या म्हणाला.

साहेब आले तेव्हा दाजीला स्ट्रेचरवर घातलं, क्लिक्याच्या मनगटाला शिपायाचं मनगट बेडीने जोडलं. काकाही आले, काखेत नव्या कॅमेऱ्याचं खोकं. आपण फोनवर काय काय ऐकलं ते त्यांनी साहेबांना शब्दाला शब्द सांगितलं, ओरडायची थांबली तोपर्यंत, हेही. साहेबांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी फरशीवरचा रक्ताने माखलेला जुना कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालायला लावला. मुद्देमाल म्हणून.

"हा आता परत मिळायचा नाही," साहेब म्हणाले.

"राहू दे तुम्हाला," क्लिक्या सुजलेल्या ओठांनी म्हणाला. "डबडंच आहे ते."

काकांनी ते ऐकलं आणि मुकाट्याने खोकं उघडायला घेतलं.

हॉस्पिटलात ताईच्या खाटेभोवती पडदा ओढला होता. क्लिक्या आरोपी, त्याला आत सोडणं शक्य नव्हतं, आणि फोटो तर आजच हवे होते. नवा कॅमेरा साहेबांबरोबर आलेल्या शिपाईबाईंच्या हातात दिला. त्यांनी आजवर लग्नातही धड फोटो काढला नव्हता. क्लिक्या पडद्याबाहेर बाकावर बसला, नाकात कापसाचे बोळे, आणि तिथून सांगू लागला. दिवा बाजूने धरा, समोरून नको. पट्टी ठेवा. गळ्याशी, अंगठ्याच्या खुणेला लागून. आधी लांबून घ्या.

तो कान लावून बसला. आवाज नाही.

"काढला का?"

"काढला."

"मग मधून. हात हलवू नका."

पुन्हा आवाज नाही. इतकी वर्षं खटॅक ऐकून जगलेल्या माणसाला ती शांतता सोसवेना. त्याने शिपायाला ओढत बाकावरून अर्धवट उठून पुन्हा विचारलं, बाई, निघाला ना, नक्की बघा, जवळून घ्यायचा राहिलाय, बोटं घ्यायची राहिलीत.

पडद्याआडून मोडक्या जबड्यातून ताईचा आवाज आला. "निघाला रे छोट्या. तू गप बस आता."

शिपाईबाई बाहेर आल्या. त्यांनी कॅमेरा साहेबांपुढे धरला. साहेबांनी कॅमेऱ्याचा मागचा पडदा उजेडाला धरला नाही, तिरकाही केला नाही. जवळून घेतलेल्या फोटोवर ते थांबले. एकेक बोट मोजता येत होतं, दाजीच्या अंगठीचा खळगासुद्धा.

क्लिक्या त्यांच्या तोंडाकडे बघत होता. विचारायची हिंमत होत नव्हती.

"दिसतंय," साहेब म्हणाले.